कॉम्प्युटर, कामाची जागा आणि कळवळा: सीमाभागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावच्या उद्यमबागेत एका फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात, मी आधी कॉम्प्युटर सांभाळला, मग पगार-हजेरी आणि शेवटी माणसं. तिन्ही कामं एकाच टेबलावर होती. त्यामुळं हजेरीच्या सॉफ्टवेअरमधली एक खूण बदलली की कुणाच्या तरी घरचा किराणा कमी होतो, हे मला जवळून दिसलं. आता मच्छे, होनगा, निपाणी, खानापूर, संकेश्वर इथून ओळखीच्या लोकांचे फोन येतात. कुणी सुपरवायझर असतो, कुणी दवाखान्यातली नर्स, कुणी पुण्या-बेंगळुरूच्या कंपनीचं काम गावातल्या माडीवर बसून करणारा पोरगा. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा लिहून ठेवतोय.

करुणा म्हटलं की कीर्तन आठवतं. फाउंड्रीत तिचं काय काम?

शब्द जड वाटत असेल तर कळवळा म्हणा. दया वरून खाली येते, कीव त्याहून वरून. कळवळा शेजारून येतो. शेजारच्या मशीनवरचा माणूस आज डबा न उघडता बसलाय हे ज्याला दिसतं आणि जो आपला डबा पुढं सरकवतो, त्याला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही.

पीटर फ्रॉस्ट, जेन डटन यांच्यासारख्या व्यवस्थापनशास्त्राच्या अभ्यासकांनी गेल्या पंचवीसेक वर्षांत कामाच्या जागेवरच्या करुणेचा नीट अभ्यास केला. त्या अभ्यासातून तिचे तीन टप्पे पुढं आले: दुसऱ्याचं दुखणं लक्षात येणं, ते आपल्याला लागणं आणि त्यावर काहीतरी करणं. मी सगळा भर पहिल्या टप्प्यावर देतो. माणसं दगडाच्या काळजाची असतात असं मला कधी दिसलं नाही. बहुतेक वेळा त्यांना दिसलेलंच नसतं.

मग यात कॉम्प्युटर कुठं आला?

नेमका त्या पहिल्या टप्प्यावर.

पूर्वी टाइमकीपर गेटवर मस्टर घेऊन उभा असायचा. तो नाव लिहिताना तोंड बघायचा. डोळे लाल आहेत, पायात लंगड आहे, कालपासून अंगावर तेच कपडे आहेत, हे त्याला न विचारता कळायचं आणि दहा मिनिटांत ते फोरमनच्या कानावर जायचं. आज गेटवर यंत्र आहे. ते वेळ अचूक लिहितं, पण तोंड बघत नाही. कुणाचं काय दिसायचं हे आता सॉफ्टवेअरमधले रकाने ठरवतात. ज्या गोष्टीला रकाना आहे ती साहेबांच्या स्क्रीनवर येते, ज्याला नाही ती येतच नाही.

याला दुसरी बाजूही आहे. टाइमकीपर आपल्या गावच्या माणसाला दहा मिनिटं सोडायचा आणि परगावच्याला पकडायचा. यंत्रानं ते थांबवलं. माझं भांडण यंत्राशी नाही. ते बसवताना त्या उभ्या माणसाची जागा रिकामी ठेवली, याच्याशी आहे.

थंब मशीन बोट घेत नाही आणि पगार कापला जातो. दोष कुणाचा?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मोल्डिंगमध्ये, म्हणजे साचे करताना, वाळू; फेटलिंगमध्ये, म्हणजे ओतलेला भाग घासून साफ करताना, ग्राइंडर आणि सगळीकडं उष्णता. पंधरा-वीस वर्षं हे काम केलेल्या माणसाच्या बोटांवरच्या रेषा झिजतात. निपाणीत विडी वळणाऱ्या बायकांचंही तेच होतं. तंबाखू आणि पानावर दिवसभर घासून बोटाची टोकं गुळगुळीत होतात. ज्या हातांनी काम केलं त्याच हातांना यंत्र ओळख नाकारतं.

आमच्याकडं एक ज्येष्ठ मोल्डर होते. सगळे त्यांना मामा म्हणायचे. मशीन बसवल्यावर तिसऱ्या महिन्यात ते माझ्या टेबलाजवळ येऊन उभे राहिले. म्हणाले, “सर, मशीन माझं बोट घेईना झालंय ओ. मी रोज येतोय, सगळ्यांना ठाऊक हाय.” सॉफ्टवेअरनं त्यांची सात दिवसांची गैरहजेरी लावली होती आणि पगारपत्रक निघून गेलं होतं. हुकलेली हजेरी दुरुस्त करायचा फॉर्म होता, पण तो इंग्लिशमध्ये आणि कॉम्प्युटरवर. त्यांच्या हातात होता साधा बटणांचा फोन. सात दिवसांत कुणीच त्यांना विचारलं नाही, कारण प्रत्येकाला वाटलं की आता हे यंत्राचं काम आहे. त्या ‘प्रत्येका’त मीही होतो, आणि हे मला अजून सलतं.

नंतर आम्ही तीन गोष्टी बदलल्या. एक, बोट तीनदा नाकारलं तर तिथंच आकडी कोड टाकायची सोय केली आणि ज्यांना तेही जमत नाही त्यांच्यासाठी गेटवर जुनं मस्टर परत आणलं. दोन, पगार चालवायच्या दोन दिवस आधी गैरहजेरीची यादी छापून प्रत्येक खात्याच्या मिस्त्रीकडं जाते आणि तो ती मोठ्यानं वाचून दाखवतो. तीन, ‘कापा’ असं सॉफ्टवेअर सांगत असलं तरी ‘थांबा’ म्हणायचा अधिकार असलेल्या एका माणसाचं नाव आणि फोन नंबर गेटवर रंगवला. पाटी मराठीत, कन्नडमध्ये आणि हिंदीत आहे. यातल्या कशालाच फारसा पैसा लागला नाही.

दोष कुणाचा म्हणाल, तर यंत्राचा नाही. ते बसवताना ज्यानं मोल्डरचा हात बघितला नाही, त्याचा.

मॅनेजर म्हणतात, मशीन खोटं बोलत नाही. माणूस बोलतो.

त्यांना ब्रिटनच्या पोस्ट खात्याची हकीकत सांगा. तिथं १९९९ पासून ‘होरायझन’ नावाची हिशोबाची प्रणाली आली. ती फुजित्सू कंपनीनं पुरवली होती. गावोगावची छोटी पोस्ट ऑफिसं चालवणाऱ्या लोकांच्या हिशोबात तूट दिसायला लागली. ते सांगत होते की पैसे आम्ही घेतले नाहीत, सॉफ्टवेअर चुकतंय. ऐकलं कुणी नाही. २०१५ पर्यंत नऊशेहून अधिक लोक दोषी ठरले, काही तुरुंगात गेले, काहींनी घर विकून न झालेली तूट भरली. २०१९ मध्ये न्यायालयानं प्रणालीत दोष होते हे मान्य केलं आणि २०२४ मध्ये संसदेला कायदा करून त्या शिक्षा रद्द कराव्या लागल्या.

तिथं प्रत्येकाला फोनवर ‘अशी अडचण फक्त तुम्हालाच येते’ असं सांगितलं जात होतं, असं अनेकांनी नंतर सांगितलं. आपल्याकडं हे वाक्य ऐकू आलं की सावध व्हा. एकच तक्रार घेऊन चार माणसं आली तर माणसं तपासू नका, आधी सॉफ्टवेअर तपासा.

काका वारले. रजेच्या ॲपमध्ये ‘काका’ नाही. काय निवडू?

या प्रश्नाचा फोन रात्री साडेदहाला आला होता. पलीकडं खानापूर तालुक्यातला एक मुलगा होता, पुण्यातल्या कंपनीचं काम करणारा. वडील लहानपणी गेले, चुलत्यानं वाढवलं. दुःखाच्या रजेसाठी ॲपमध्ये नात्यांची यादी उघडली तर आई, वडील, नवरा-बायको, मूल एवढंच. त्यानं ‘वडील’ निवडलं असतं तर खोटं झालं असतं आणि दुसरं काही निवडलं तर रजा मिळत नव्हती. माती दुसऱ्या दिवशी सकाळी होती.

ज्यानं ती यादी केली त्याच्या मनात वाईट काही नसेल. त्याच्या घराचा आकार वेगळा असेल, एवढंच. पण आपल्याकडं चुलता, आत्या, मामा, थोरली वहिनी ही दूरची नाती नाहीत. माणूस मातीला जातो, तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जनाला थांबतो, बाराव्या-तेराव्याला परत जातो. म्हणजे त्याला सलग तीन दिवसांपेक्षा तुटक तीन दिवस लागतात. हे बहुतेक सॉफ्टवेअरला सांगताच येत नाही.

यादी काढून टाका. नात्याच्या जागी मोकळा रकाना ठेवा: ‘कोण गेलं?’ खाली दिवस सलग की तुटक ते विचारा. आणि मंजुरीचं बटण दाबण्याआधी साहेबांनी फोन करायचा, हा नियम घाला. त्या मुलाला मी सांगितलं, ॲप बाजूला ठेव, टीम लीडला सरळ फोन लाव. फोनवर पाच मिनिटांत रजा मिळाली. म्हणजे माणूस ठीक होता. वाटेत फॉर्म उभा होता.

शोकसंदेश एआयकडून लिहून घेतला तर चालेल का?

नको. ज्याच्या घरी माणूस गेलाय त्याला सुंदर मराठी नको असतं. ‘आत्ताच कळलं. संध्याकाळी येतो. कामाची काळजी करू नका, तुमचं मशीन मी बघतो.’ एवढं पुरतं, आणि हे फक्त तुम्हालाच लिहिता येतं, कारण मशीन बघणार तुम्ही आहात.

रात्री अकराला साहेबांचे मेसेज येतात. उत्तर द्यायलाच हवं का?

कायद्यानं म्हणाल तर फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या कंपन्यांना कामाच्या वेळेबाहेरच्या फोन-ईमेलबद्दल कामगारांशी बोलणी करावी लागतात. ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२४ पासून वेळेबाहेरच्या संपर्काला उत्तर न देण्याचा हक्क आला. आपल्याकडं सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत याच विषयावर खासगी विधेयक मांडलं, पण त्याचा कायदा झालेला नाही. उलट २०२४ मध्ये कर्नाटकात आयटी कर्मचाऱ्यांचा दिवस चौदा तासांपर्यंत नेण्याचा प्रस्ताव चर्चेत आला होता आणि कर्मचारी संघटनांनी त्याला कडाडून विरोध केला.

व्यवहारात सांगतो. साहेबाला रात्री सुचतं, विसरू नये म्हणून तो पाठवून मोकळा होतो. त्याला उत्तर सकाळी मिळालं तरी चालणार असतं. पण पलीकडचा माणूस निळ्या खुणा दिसतील म्हणून मेसेज उघडत नाही, उघडत नाही म्हणून झोपत नाही. व्हॉट्सॲपनं त्या निळ्या खुणा २०१४ मध्ये आणल्या. त्या बंद करता येतात. ईमेल ठरल्या वेळी आपोआप जाईल असा ठेवता येतो, जीमेलमध्ये ही सोय २०१९ पासून आहे. साहेब लोकांनी रात्री लिहावं, पण सकाळी साडेआठची वेळ लावावी. यात त्यांचं काहीच जात नाही.

फाउंड्रीला मात्र रात्र असते. भट्टीत धातू वितळलेला असताना वीज गेली तर तो धातू सकाळपर्यंत थांबत नाही. म्हणून आमचा नियम साधा होता: तातडीचं असेल तर फोन. मेसेज आला तर समजायचं की सकाळी बघितलं तरी चालेल. हा नियम लागू झाल्यावर मेंटेनन्सचे एक गृहस्थ म्हणाले, फोन आता उशाला ठेवत नाही, वाजला तरच उठतो. त्यांच्या घरी बाळ तीन महिन्यांचं होतं.

मी साधं लिहिलं होतं, त्यांना राग आला. असं का होतं?

कारण लिहिताना आपल्या कानात आपला सूर वाजत असतो, वाचणाऱ्याच्या कानात तो नसतो. २००५ मध्ये जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि सहकाऱ्यांनी याचे प्रयोग छापले. ईमेल लिहिणाऱ्यांना वाटायचं की आपण टोमणा मारतोय की गंभीरपणे म्हणतोय, हे वाचणाऱ्याला शंभरात ७८ वेळा कळेल. प्रत्यक्षात कळायचं सुमारे ५६ वेळा, म्हणजे नाणं उडवल्यापेक्षा थोडंच बरं. आवाजातून मात्र पुष्कळ जास्त कळायचं.

आपल्या भागात यात आणखी एक गाठ आहे. मराठी साहेब कन्नड बोलणाऱ्या ऑपरेटरला इंग्लिशमध्ये लिहितो. दोघांचीही ती भाषा नाही. मराठीत आपण ‘जरा बघता का’ म्हणतो, कन्नडमध्ये शेवटी ‘री’ लावलं की आदर येतो. इंग्लिशमध्ये लिहिताना दोघांचीही ही लकब गळते आणि उरतो तो हुकूम. शॉपफ्लोअरवर हीच दोन माणसं अर्धी मराठी अर्धी कन्नड बोलून छान काम करतात. तेव्हा चूक दाखवायची असेल तर लिहू नका, आवाजी संदेश पाठवा किंवा उठून जा. आणि ग्रुपवर कुणाला झापू नका. तो मेसेज नंतर पुसला तरी चाळीस लोकांनी वाचलेला असतो, आणि त्यातला एक त्याच्या गल्लीत राहत असतो.

सॉफ्टवेअर कुठल्या भाषेत ठेवावं?

ज्यांना वापरायचंय त्यांच्या. या प्रश्नाला सीमाभागात लगेच राजकारणाचा वास येतो. सत्तर वर्षांचं दुखणं आहे ते, आणि मी ते हलकं करणार नाही. पण पगाराची चिठ्ठी समजणं हा प्रत्येकाचा हक्क आहे, मग तो वडगावचा मराठी विणकर असो, गोकाकचा कन्नड फिटर असो किंवा ओडिशाहून आलेला हेल्पर. कापलेल्या रकमेपुढं कारण त्याला कळेल अशा भाषेत असायला हवं.

यंत्रानं केलेला अनुवाद आता सहज मिळतो. केंद्र सरकारचं ‘भाषिणी’ २०२२ मध्ये सुरू झालं. सूचना फलकासाठी तो जरूर वापरा. नोटीस, इशारा, कामावरून कमी करणं, यासाठी माणसाकडून वाचून घेतल्याशिवाय वापरू नका. इंग्लिशमधला ‘यू’ मराठीत ‘तू’ की ‘तुम्ही’ हे यंत्र अंदाजानं ठरवतं. निवृत्तीला आलेल्या माणसाच्या हातात ‘तू उद्यापासून कामावर येऊ नकोस’ असा कागद मी पाहिलाय. निरोप समारंभाची तारीख कळवायची होती. ते घरी जाऊन रडले.

घरून काम करतो. कंपनीचं सॉफ्टवेअर दर दहा मिनिटांनी स्क्रीनचा फोटो घेतं. हे योग्य आहे का?

बेळगावात १९९८ पासून विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचं मुख्यालय आहे, चार-पाच चांगली इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत, तरी आपली बहुतेक मुलं पुण्याची किंवा बेंगळुरूची गाडी धरतात. मार्च २०२० च्या टाळेबंदीत ती लॅपटॉप घेऊन परत आली आणि अनेक घरांना कळलं की पोरगा घरात असूनही नोकरी चालते. आईच्या डायलिसिसला सोबत जाता येतं, शेतात पेरणीला दोन तास देता येतात. तंत्रज्ञानानं आपल्या भागाला दिलेलं हे मोठं सुख आहे, ते विसरून चालणार नाही.

नजर ठेवणारं सॉफ्टवेअर हेच सुख कुरतडतं. माउस हलला नाही म्हणजे काम नाही, असं ते धरतं. विचार करणं, फोनवर सहकाऱ्याला समजावणं, हे त्याला दिसत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठानं ऑगस्ट २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला आणि २०२३ मध्ये वैयक्तिक विदा, म्हणजे डेटा, संरक्षणाचा कायदाही झाला. पण कोर्टात जाण्याआधी लेखी विचारा: काय टिपता, किती दिवस ठेवता, कोण बघतं? प्रामाणिक कंपनी सांगते.

स्क्रीनवरून कामावरून काढणं हा आता रिवाजच झालाय का?

डिसेंबर २०२१ मध्ये अमेरिकेतल्या बेटर डॉट कॉमच्या प्रमुखानं सुमारे नऊशे लोकांना एका झूम कॉलमध्ये काही मिनिटांत काढलं. त्यात भारतातलेही होते. ते जगभर गाजलं ते लोकांना अजून चीड येते म्हणूनच. कपात कधी कधी टळत नाही, हे मी कारखान्यात अनुभवलंय. पण एकेकाशी बोलायला वीस मिनिटं लागतात आणि ती द्यायची असतात. आणि त्याचं बोलणं पूर्ण होण्याआधी त्याचा ईमेल बंद करू नका. घरच्यांचे फोटो, पगाराच्या चिठ्ठ्या, पीएफचे कागद उतरवून घ्यायला वेळ द्या.

मन मोकळं करायला एआय चॅटबॉट वापरू का? माणसांशी बोलायची लाज वाटते.

लाज समजते. छोट्या गावात दवाखान्याच्या दारात गाडी दिसली तरी बातमी होते.

१९६६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत जोसेफ वायझेनबॉम यांनी ‘एलायझा’ नावाचा प्रोग्रॅम लिहिला. तो समोरच्याचंच वाक्य उलटवून प्रश्न विचारायचा, त्याला कळत काहीच नव्हतं. तरी त्यांच्या सेक्रेटरीनं त्याच्याशी बोलताना त्यांनाच खोलीबाहेर जायला सांगितलं. वायझेनबॉम यांना त्याचा धक्का बसला आणि पुढचं आयुष्य ते संगणकाकडं काय सोपवू नये याबद्दल बोलत राहिले. मला त्या बाईंची गोष्ट वेगळी लागते. आजूबाजूला माणसं असून तिला बोलायला जागा नव्हती.

मनातलं लिहून काढायला बॉट वापरलात तर बिघडत नाही. पण झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर १४४१६ हा टेलिमानसचा नंबर लावा. ऑक्टोबर २०२२ पासून ही सरकारी सेवा आहे, मोफत आहे, मराठी आणि कन्नड दोन्हीत बोलता येतं, आणि पलीकडं माणूस असतो. जवळ धारवाडला मानसिक आरोग्याची मोठी सरकारी संस्था, डिमहान्स, आहे. तिथं आपल्याला गल्लीतलं कुणी ओळखत नाही, हा फायदाच.

अंध मुलाला कामावर घेतलं. आता सॉफ्टवेअरचं काय?

आधी अभिनंदन. एनव्हीडीए नावाचा स्क्रीन वाचून दाखवणारा प्रोग्रॅम फुकट मिळतो. तो २००६ मध्ये मायकेल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणानं सुरू केला आणि जेम्स तेह या दुसऱ्या अंध तरुणानं त्याला साथ दिली, कारण बाजारातले प्रोग्रॅम परवडत नव्हते. तो मराठीही वाचतो. अडचण येते ती आपल्या बाजूनं. आपण कागदाचा फोटो काढून पाठवतो, प्रोग्रॅमला फोटोतलं नीट वाचता येत नाही. अक्षरं टाइप करून पाठवा. तेवढं केलं की पोरगा तुमच्याइतकंच काम करतो.

बायकांच्या रजेची कारणं सगळ्या टीमला दिसतात. काही करता येईल?

करायलाच हवं, आणि एका दुपारचं काम आहे. कर्नाटक मंत्रिमंडळानं ऑक्टोबर २०२५ मध्ये महिन्याला एक दिवस पगारी पाळीच्या रजेचं धोरण मंजूर केलं. चांगलं पाऊल आहे. पण सामाईक कॅलेंडरवर त्या रजेला वेगळा रंग असेल तर कुठली मुलगी ती घेईल? कॅलेंडरवर फक्त ‘उपलब्ध नाही’ दिसू द्या. कारण मंजुरी देणाऱ्या एकाच व्यक्तीला दिसावं. बाळंतपणाच्या २६ आठवड्यांतही तसंच: तिला ग्रुपमधून काढू नका आणि तिला मेसेजही टाकू नका. ग्रुप शांत करून ठेवायचा की नाही, हे तिला ठरवू द्या. आणि दहा किंवा जास्त माणसं असतील तर लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती कायद्यानं लागते. तिचा ईमेल मालकाच्या मुलाकडं उघडत असेल तर ती समिती नाही.

रोजगार हमीच्या हजेरीचं ॲप जंगलात चालत नाही. याचा इथं काय संबंध?

फार जवळचा संबंध आहे, ऑफिसची भिंत नसली तरी ती कामाचीच जागा. १ जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या कामावर दिवसातून दोनदा फोटोची हजेरी सक्तीची झाली. बनावट हजेरी थांबवणं हा हेतू रास्त होता. पण खानापूर तालुक्यातल्या कणकुंबी-जांबोटीच्या पट्ट्यात पावसाळ्यात रेंज मिळवायला टेकडीवर जावं लागतं. बाई सकाळी माती उचलते आणि फोटो चढला नाही तर तिचा दिवस जातो. अंगणवाडी ताईंचंही तसंच. मार्च २०२१ मध्ये पोषण ट्रॅकर हे नोंदी भरायचं ॲप आलं, आणि लेकराच्या हातापेक्षा फोनकडं जास्त बघावं लागतं असं त्या सांगतात. वरच्या लोकांना माझी एकच विनंती असते: ॲप मंजूर करण्याआधी एक दिवस खानापूरच्या रानात ते वापरून बघा, जूनमध्ये.

डिलिव्हरीच्या पोराला ॲपनं बंद केलं. दाद कुठं?

कर्नाटकानं २०२५ मध्ये गिग कामगारांसाठी, म्हणजे ॲपवरून काम मिळणाऱ्यांसाठी, कायदा केला. कामाचं वाटप आणि नजर ठेवणाऱ्या स्वयंचलित यंत्रणेची माहिती कामगाराला देणं, काढण्याआधी कारणासह चौदा दिवसांची नोटीस देणं, अशा तरतुदी त्यात आहेत. कामगार कार्यालयात जाताना स्क्रीनचे फोटो, तारखा आणि वेळा एका कागदावर लिहून न्या. ‘ॲपनं काढलं’ असं म्हणू नका, कंपनीचं नाव घ्या.

मालक म्हणतात, इतकं सोडलं तर लोक गैरफायदा घेतील.

काही घेतात. माझ्या आठवणीत दोघांनी घेतला, एकानं तर आजी दोनदा मारली. त्या दोघांसाठी दोनशे लोकांचा फॉर्म कडक करायचा का, हा हिशोब मी मालकांपुढं मांडायचो. आमचे मालक हिशोबी होते. त्यांनी विचारलं, सोडल्यानं मिळतं काय? मी मामांचं उदाहरण दिलं. सात दिवसांचा पगार परत दिल्यावर ते पुढं चार वर्षं टिकले आणि तीन पोरांना हाताखाली तयार केलं. शेजारच्या कारखान्यात जादा पगाराचं बोलावणं होतं, ते गेले नाहीत. मालक काही बोलले नाहीत, पण मस्टरची वही त्यांनीच मागवली.

सगळ्यांच्या तक्रारी ऐकून मीच थकतो. कॉम्प्युटर खात्यातल्या माणसांचं काय?

हा प्रश्न विचारलात, बरं वाटलं. सर्व्हर बंद पडला की चारही बाजूंनी शिव्या येतात, चालू असला की कुणाला तुमचं नाव आठवत नाही. जर्मनीत तानिया सिंगर यांच्या गटानं दाखवलंय की दुसऱ्याचं दुःख नुसतं आपल्या अंगात उतरवत राहिलं तर माणूस खचतो, पण मदतीच्या भावनेनं त्याकडं बघायला शिकला तर मनाला उभारी येते. माझा अनुभवही तसाच. ज्या दिवशी मला काही दुरुस्त करायचा अधिकार नव्हता त्या दिवशी मी जास्त थकलो. म्हणून तक्रार ऐकणाऱ्या माणसाला ‘थांबा’ म्हणायचा अधिकार द्या, नाहीतर त्याला त्या खुर्चीत बसवू नका.

एकदा महिनाअखेरीला पगाराची फाइल उडाली. मी रात्री दोनपर्यंत एकटा बसलो होतो. तिसऱ्या पाळीच्या सुट्टीत मामा वर आले, दाराशीच थांबले, कारण हाताला वाळू होती. चहाचा ग्लास पायरीवर ठेवून म्हणाले, “पगार उद्या झाला तरी चालतंय सर. पोरांना मी सांगतो. तुम्ही आधी चहा घ्या.”